मनगटाचं मलम आणि दोन बाटल्या

"लेबलं उलटी लागली असतील ना? सांग ना, लागली असतील. मी रागावणार नाही, खरंच नाही," ओर्ला, जिच्या मशीनवर मी काम करत होते ती, फोनवर म्हणत होती, आणि माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात मलमाची ट्यूब, ट्यूबचं झाकण दातात, आणि पायाशी पोरगा दूध सांडून त्यात गाडी फिरवत बसलेला. मी झाकण तोंडातून काढलं आणि म्हटलं, परत सांग, काय उलटं आलंय?

तिनं परत सांगितलं. लॅबचा निकाल आलाय. मशीनमध्ये जायच्या आधीच्या पाण्यात औषध कमी, आणि मशीनमधून बाहेर आलेल्या पाण्यात जास्त. असं होऊच शकत नाही, ती म्हणाली, मशीन औषध मोडतं, तयार नाही करत. आणि बाकीची औषधं नेहमीसारखीच आलीत, उलटं आलंय ते एकच, दुखण्याचं. बाकीच्यांचं मी नंतर बघते, लॅबनं काही गोंधळ केला असेल, आधी हे सांग.

"दुखण्याचं म्हणजे कुठलं?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे. इतके महिने ती नुसतं "ते दुखण्याचं" म्हणायची आणि मी नुसती मान हलवायचे.

"डायक्लोफेनॅक," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. ट्यूबवर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव होतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात तेच, डायक्लोफेनॅक. माझ्या मनगटावर ते आत्ताच चोळलेलं, अजून गार लागत होतं. रोज चोळायचे मी ते. रोज सकाळी, कामावर निघायच्या आधी.

"हॅलो? आहेस का? लेबलं बदलली गेली का तुझ्याकडून?"

आणि मी म्हटलं, हो.

तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मला गॉलवेवरून इथपर्यंत ऐकू आला. "देवा, थँक यू. काही हरकत नाही. ग्रँड. एकदम ग्रँड. मी एक छोटा फॉर्म पाठवते, त्यावर सही कर, आपण आकडे जागेवर घेऊ." फोन बंद झाला. मी ओट्याला टेकून खाली बसले, दुधातच बसले. माझा मुलगा म्हणाला, "मम्मा, यू आर ऑल वेट." तीन वर्षांचा आहे, मराठी सगळं कळतं त्याला, उत्तर मात्र इथल्यासारखं देतो.

मला लिहायला सांगितलंय कामाबद्दल. इथल्या मराठी मंडळाच्या ताई म्हणाल्या, अंकात सगळे कंपन्यांचे, कोडिंगचे अनुभव लिहितात, तुझं काम वेगळं होतं, तू लिही. मी म्हटलं मला लिहिता येत नाही, बारावी सायन्सला केमिस्ट्रीत नापास झाले आणि लग्न झालं. त्या म्हणाल्या बोलतेस तसं लिही. तर बोलते तसं लिहितेय, आणि मला अजूनही भीती वाटतेय लिहिताना, हात थांबतोय मधेच.

काम काय होतं ते आधी सांगते. आम्ही राहतो ते ड्रोहेडा शहरापासून थोडं बाहेर, एका खेड्यात. आमचे हे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, दोन हजार वीसच्या मार्चपासून, कोविड आला तेव्हापासून, घरातल्या छोट्या खोलीत बसून काम करतात. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक नर्सिंग होम आहे, म्हणजे वृद्धाश्रमच पण दवाखान्यासारखा. त्याचं नाव मी लिहीत नाही. खेड्यात गटाराची लाइन नाही, त्यामुळे त्यांचं सांडपाणी त्यांच्याच मागच्या टाकीत शुद्ध होतं आणि मग ओढ्याला जातं. टाकीत घाण जाते, वास जातो, पण म्हातारी माणसं एवढी औषधं घेतात, मलमं चोळतात, ते सगळं अंगातून आणि आंघोळीतून पाण्यात उतरतं, आणि ते त्या टाकीतून तसंच निसटतं. दिसत नाही, वास नाही, चव नाही. ओर्लानं मला सांगितलं होतं तेव्हा मला खरंच वाटेना, की स्वच्छ दिसणारं पाणी आणि आत एवढं सगळं.

तर त्या टाकीच्या मागे एक निळा कंटेनर आणून ठेवला होता आणि त्यात ओर्लाचं मशीन. मशीन म्हणजे काय, एक पंप आणि त्याच्या पुढे एक पोकळ चकती, भाकरीएवढी. पंप पाणी जोरात चकतीत कडेनं सोडतो, पाणी आत गरगर फिरतं, बेसिनचं पाणी जाताना मधे कसा भोवरा पडतो तसा भोवरा पडतो, आणि भोवऱ्याच्या मधोमध दाब इतका कमी होतो की गार पाणी उकळायला लागतं. खरंच गार, हात लावला तर गार. त्याचे बारीक बारीक बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की ते बुडबुडे आतल्या आत चिरडले जातात. प्रत्येक बुडबुडा चिरडताना त्या एवढ्याशा जागेत, पापणी लवायच्या आधी, भट्टीसारखी उष्णता होते आणि शेजारी औषधाचा कण असला तर तो मोडतो. ना पावडर घालायची, ना जाळी बदलायची. नुसतं पाणीच पाण्याला धुतं, असं मी आईला फोनवर सांगितलं होतं, तर आई म्हणाली, काहीतरीच बोलतेस.

बाबांना मात्र एका वाक्यात कळलं. आमच्या बाबांचं जयसिंगपूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरचे पंप यायचे, पंखा कुरतडल्यासारखा झालेला, उंदरानं खाल्ल्यासारखा. ते त्या बुडबुड्यांचंच काम असतं. बाबा आयुष्यभर त्या बुडबुड्यांना शिव्या घालत आले, लोखंड खातात म्हणून. म्हणाले, "म्हंजे शत्रूलाच कामाला लावलंय की तुमच्या बाईनं. हुशार आहे."

मला काम मिळालं ते ह्याच्यामुळेच. वीसच्या शरद ऋतूत परत कोविडची बंदी आली, कौंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायचं नाही, ओर्लाला गॉलवेहून, देशाच्या दुसऱ्या टोकाहून, रोज येता येईना. तिला जवळचं कुणीतरी हवं होतं, सकाळी येऊन दोन बाटल्या पाणी भरायला आणि मशीनवर लक्ष ठेवायला. दुकानाच्या काचेवर कागद लावला होता, तो ह्यांनी वाचला. पहिल्या दिवशी ती मला दोन मीटर लांबून, मास्क लावून, मशीन दाखवत होती, आणि मी म्हटलं, पंप हवा धरतोय. ती म्हणाली काय? मी म्हटलं आवाज ऐक. नीट चालतं तेव्हा त्याचा आवाज गरम तेलात मोहरी तडतडते तसा येतो, भरपूर आणि एकसारखा. हवा शिरली की तडतड मऊ पडते, गादीखाली दाबल्यासारखी. हवेनं बुडबुड्यांना उशी मिळते, ते जोरात फुटत नाहीत. तिनं पाइप तपासला तर एक जोड सैल होता. तिनं मला तिथेच काम दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी येतं म्हणून ठेवलं होतं.

त्या दिवशी तिनं एक कागदही दिला, इंग्रजीत, दोन पानं, वाच आणि सही कर म्हणाली. मी सही केली.

वाचला नाही. हे मला लिहायलाच पाहिजे.

एवढी मोठी इंग्रजी वाक्यं मला एका दमात वाचता येत नाहीत, डिक्शनरी घेऊन बसावं लागतं, आणि ती समोर उभी होती. विचारलं असतं तर तिला वाटलं असतं हिला वाचता येत नाही, आणि काम गेलं असतं. ह्यांनाही नाही दाखवला, त्यांचा कॉल चालू होता. ड्रॉवरमध्ये ठेवला.

काम मला आवडायचं. कंटेनरच्या समोरच मायकलची खिडकी होती. मायकल म्हणजे नर्सिंग होममधले एक आजोबा, पूर्वी गाई होत्या त्यांच्या. बंदीत त्यांना कुणी भेटू शकत नव्हतं, मुलगी यायची तीसुद्धा काचेबाहेरून बोलून जायची. मी दिसले की ते खिडकी चार बोटं उघडायचे. "काय म्हणतंय तुझं मशीन?" रोज तेच. मी म्हणायचे, ग्रँड. ते म्हणायचे, "ह्या आवाजानं बरं झोपतो मी. गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस पडतो तसा वाटतो." एकदा म्हणाले, "माझा गुडघ्याचा जेल पण मोडतं का ते?" मी म्हटलं हो, तोच तर मोडतं सगळ्यात जास्त. तर त्यांना एवढं हसू आलं, म्हणाले, "गुडघा राहिला तसाच आणि जेल मोडला, शाब्बास."

आणि हिवाळ्यात एकदा मी मशीन वाचवलं. पोराला घेऊन तिथूनच चालले होते, सुट्टीच्या दिवशी, आणि तडतड ऐकू येईना, नुसता घरघराट. किल्ली होती माझ्याकडे. आत गेले तर पंप कोरडा फिरत होता, पुसायचे ओले कागद कुणीतरी संडासात टाकलेले, ते येऊन पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीला बसले होते. बटण बंद केलं, हात कोपरापर्यंत घालून गोळा बाहेर काढला. अजून पाच मिनिटं गेली असती तर पंप जळला असता. ओर्ला फोनवर रडली. म्हणाली, तीन वर्षं घातलीत मी ह्यात, तू नसतीस तर. म्हणून सांगते, ती मला काही साहेबासारखी नव्हती. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

आता बाटल्यांचं. लाल लेबल म्हणजे मशीनच्या आधीचं पाणी, निळं लेबल म्हणजे नंतरचं. दोन्ही काचेच्या, बर्फाच्या पेटीत ठेवायच्या, कुरिअरवाला घेऊन जायचा. लॅबमध्ये इतकं बारीक मोजतात की पोहण्याच्या तलावात मीठ चिमूटभर टाकलं तरी सापडेल. मी नेहमी लाल आधी भरायचे, कारण तो नळ दाराजवळ होता. मग हातमोजे घातलेले हात धुवायचे, कारण ते घाण पाणी, आणि मग निळी. हातमोजे दिवसाला एकच जोड मिळायची, तेव्हा सगळे मोजे आधी नर्सना लागायचे.

निकाल यायचे ते बघून ओर्ला खूश. बाकीची औषधं निम्मी व्हायची. पण ते दुखण्याचं, ते जवळजवळ सगळं नाहीसं व्हायचं. दर वेळी. ती म्हणायची, बाकी सगळ्या मशीनमध्ये हे औषध हट्टी असतं आणि आपल्याकडेच कसं एवढं मोडतं, काहीतरी मोठं सापडलंय आपल्याला. "आपल्याला" म्हणायची. नर्सिंग होमची मॅनेजरबाईसुद्धा खूश, म्हणाल्या चाचणी पुरी झाली की मशीन कायमचं ठेवून घेऊ.

एकवीसच्या एप्रिलमध्ये ओर्ला कामाची खास परवानगी काढून आली होती, तिनं मला भरताना बघितलं आणि म्हणाली, अगं, स्वच्छ पाण्याची बाटली आधी भरायची, घाणीची नंतर, म्हणजे घाणीचा हात स्वच्छाला लागत नाही. मला हसू आलं, आमच्या सासूबाईंच्या सोवळ्याचं असंच, आधी देवाचं, मग खरकटं. मी म्हटलं बरं. पुढच्या वेळी निळी आधी, मग सवयीनं मोजे धुतले, मग लाल.

आणि त्याच वेळेचा निकाल उलटा आला.

त्या दिवशी मी फॉर्मवर सही केली, मोबाइलवरच, बोटानं. मग ह्यांच्या खोलीत गेले. ते हेडफोन एका कानावरून काढून म्हणाले, काय झालं, रडतेस का? मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि एक डोळा स्क्रीनवर.

"म्हणजे लेबलं बरोबर होती?"

"हो."

"आणि तू सांगितलंस चुकली."

"हो. पोलीस येतील का? आपल्या व्हिसाच्या स्टॅम्पला काही होईल का? तुमच्या नोकरीला?"

"बाटलीच्या लेबलासाठी कोण पोलीस पाठवतं? सही केलीस ना? मग संपलं. आता गप्प बस आणि ते मलम फेकून दे."

"पण त्या बारा ट्यूब आईनं..."

"अगं फेक."

फेकल्या नाहीत. प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, सगळ्यात वर ठेवल्या. पोरगा झाल्यापासून माझं मनगट धरतं, अंगठ्याच्या मुळाशी, त्याला उचललं की कळ जाते. भारतातून येताना बॅगेत लोणचं कमी आणलं आणि ट्यूब जास्त. त्या दिवसापासून मी नाही लावलं.

पण संपलं नव्हतं. मला कळत होतं की काहीतरी अजून आहे आणि ते मला नीट दिसत नव्हतं, आणि ते न दिसणंच जास्त भीतीचं होतं. दोन दिवस मी नीट जेवले नाही. मग तिसऱ्या दिवशी दुपारी पोराला टीव्हीसमोर बसवलं आणि ओट्यावर दोन रिकामे काचेचे पेले ठेवले. मनगटाला आणि बोटांना हळद आणि तेल चोळलं, जसं मलम चोळते तसं. वर हातमोजे घातले. घालताना बघितलं, एका हातानं दुसरा मोजा ओढताना बोटं बाहेरून लागतातच, पिवळे ठसे. मग पहिला पेला नळाखाली धरला, जसा कामावर धरते. बोटांवरून ओघळलेल्या पाण्यात पिवळी रेघ उतरली. मग मोजे धुतले. दुसरा पेला धरला. स्वच्छ.

पोरगा येऊन म्हणाला, "दिस वन इज यलो, मम्मा."

पहिली बाटली कुठलीही असो, पिवळी तीच होणार होती. निळी पहिली घेतली तर निळी. आणि त्याआधी सगळे महिने मी लाल पहिली घेत होते. म्हणजे लाल बाटलीत एवढं औषध दिसायचं ते म्हाताऱ्यांचं नव्हतं, ते माझं होतं. आणि निळ्या बाटलीत ते नाहीसं व्हायचं ते मशीननं नव्हतं केलं, मी मोजे धुतले म्हणून व्हायचं. ओर्लाला जे काहीतरी मोठं सापडलं होतं ते माझं मनगट होतं.

आता लेबलाचं खोटं हे एकच नव्हतं राहिलं, मागचे सगळे महिने खोटे झाले होते, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं माझ्याशिवाय आणि हळदीशिवाय. ह्यांना दाखवलं. ते पेल्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू केमिस्ट्रीत कशी नापास झालीस गं?" मग म्हणाले, "हे बघ, मशीन काहीतरी काढतंच आहे ना? निम्मं तरी? मग वाईट काय झालं? राहू दे." आणि मला ते पटलं. खरंच पटलं. दोन आठवडे मी ते मनात धरून जगले, निम्मं तरी जातंय, निम्मं तरी जातंय.

मग प्लेस्कूलच्या बाईंनी, सिनेडनी, दारात पोराला माझ्याकडे देताना सांगितलं की कोविडमुळे ह्या उन्हाळ्यात मुलांना जास्तीत जास्त बाहेरच ठेवणार आहोत. "आणि तुमच्या मशीनमुळे आता ओढ्यावरही नेता येईल. मॅनेजरबाई म्हणाल्या पाणी एकदम स्वच्छ झालंय. गमबूट द्या त्याला." माझ्या पोरानं माझं बोट धरलं होतं आणि तो उड्या मारत होता, स्ट्रीम, स्ट्रीम, स्ट्रीम.

मी म्हटलं, ग्रँड. घरी आले आणि ओर्लाला फोन केला, ये म्हटलं, लगेच ये. तेव्हा कौंटीबाहेर जायची बंदी उठली होती. तिला वाटलं पंप गेला.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, बिस्किटांचा डबा घेऊन, चाचणी संपत आली म्हणून. मी कंटेनरच्या पायरीवर दोन पेले मांडून ठेवले होते आणि डबीत हळद. इंग्रजीत मला सांगता आलं नसतं, म्हणून करूनच दाखवलं. हळद चोळली, मोजे घातले, पहिला पेला, मोजे धुतले, दुसरा पेला. मग खिशातून ट्यूब काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं नाव वाचलं.

"परत कर," ती म्हणाली.

परत केलं. नवं पाणी, नवे मोजे. परत पहिलाच पिवळा.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि लेबलं?"

"लेबलं बरोबर होती. मी खोटं बोलले."

ती पायरीवर बसली. मास्क होता त्यामुळे तोंड दिसत नव्हतं, नुसते डोळे. मागे मशीन तडतडत होतं, एकदम छान चाललं होतं त्या दिवशी, कधी नव्हे इतकं छान. ट्यूब उलटसुलट करत म्हणाली, "मी दिलेल्या कागदावर होतं. मलम नको, क्रीम नको, परफ्यूम नको. तू वाचलं नाहीस?"

"नाही."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू दुसरीला ठेवलं असतंस."

"पंप हवा धरतोय म्हणणारी दुसरी कुठून आणली असती मी," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग उठली, पेले ओतून दिले, माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं सांगू? लेबलंच चुकली असती तर फार बरं झालं असतं."

तिनं सगळं कळवलं. लॅबला, ज्यांनी तिला पैसे दिले होते त्यांना, मॅनेजरबाईंना. मागचे सगळे निकाल बाद. नंतर ती स्वतः येऊन नव्यानं बाटल्या भरून गेली, मलमाशिवायच्या हातानं, आणि दुखण्याचं औषधही बाकीच्यांसारखंच निघालं, निम्मं जातं, निम्मं राहतं. मॅनेजरबाई म्हणाल्या, निम्म्यासाठी एवढी वीज आणि एवढी कटकट कोण घेणार. सिनेडनी मुलांना ओढ्यावर नेलं नाही, पार्कात नेलं. माझा मुलगा गमबूट घालून रडला.

जूनमध्ये क्रेन आली. निळा कंटेनर उचलून ट्रकवर ठेवला तेव्हा खाली गवत पिवळं पडलं होतं, चौकोनी. ओर्लानं माझ्याशी हात नाही मिळवला, तेव्हा कुणीच मिळवत नव्हतं, त्यामुळे रागानं की नियमानं ते मला कळलं नाही. किल्ली परत द्यायला गेले तेव्हा म्हणाली, आवाज ऐकायला कुणी लागलं तर तुला सांगेन. अजून सांगितलेलं नाही. ती आता कॉलेजात शिकवते असं ऐकलं.

मायकलनी खिडकी उघडली. "फार शांत झालं गं," म्हणाले. "आता झोप कशी लागणार."

मी अजूनही पोराला घेऊन त्या रस्त्यानं जाते, दुसरा रस्ताच नाही. ओढ्याच्या छोट्या पुलावर तो थांबतो आणि खडे टाकतो. पाणी अगदी स्वच्छ दिसतं. पण मला माहीत आहे आत काय आहे. आधी निम्मं तरी मोडत होतं, तडतडत का होईना. मी खरं सांगितलं आणि मशीन गेलं, आणि आता टाकीतून सगळंच्या सगळं येतं, मायकलचा जेल, सगळ्यांच्या गोळ्या, सगळं. मी गप्प बसले असते तर निम्मं कमी आलं असतं, आणि माझं पोर आणि दहाबारा पोरं उरलेल्या निम्म्यात उभी राहिली असती, सगळे पाणी शुद्ध समजून. मी बोलले म्हणून पोरं ह्या वर्षी तरी कोरडी राहिली आणि पाणी जास्त घाण झालं. मी रोज त्या पुलावर हे मोजते आणि रोज वेगळं उत्तर येतं. तो खडा टाकतो, माझ्याकडे बघतो, म्हणतो, "कॅन आय गो इन, मम्मा?" आणि माझं मनगट ठणकत असतं तरी मी त्याला घट्ट धरून ठेवते.

त्या दिवशी ओट्यापाशी ट्यूब हातात घेऊन तुम्ही उभ्या असतात, आणि फोनवर कुणीतरी इतक्या मायेनं विचारत असतं, लेबलंच चुकली असतील ना, तर तुम्ही काय म्हटलं असतं?